वस्तूला कसली इच्छा?

‘देअर विल बी अ मीटिंग टुमॉरो.’ ऑफिसात रोज कुणी ना कुणी हे वाक्य टाइप करतं आणि कुणाला त्यात वावगं काही दिसत नाही. शब्द सुटे करून पाहिले की मात्र गंमत सुरू होते. ‘देअर’ म्हणजे तिथे; पण कुठे, याचा पत्ता नाही. ‘विल’ मुळात इच्छेचा शब्द. इथे इच्छा कुणाची? मीटिंगची म्हणावी तर ती बिचारी अजून जन्मालाच आलेली नाही. आणि ‘बी’ म्हणजे असणं, तर आज ती नाही म्हणूनच हे वाक्य लिहावं लागलं. एकेक शब्द असा खोटा पडतो आणि तरीही वाक्य बिनतक्रार चालतं, दुसऱ्या दिवशी माणसं वेळेवर जमतातही.

इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय आहे, भविष्यकाळाचा नाही. मराठीत ‘अस’ला शेपूट लागलं की ‘असेल’ तयार. लॅटिनमध्ये एका शब्दात ‘एरित’. इंग्रजीला दर वेळी मदतनीस बोलवावा लागतो, आणि तिने बोलावलेले मदतनीस पाहिले तर सगळे माणसांच्या व्यवहारातले आहेत. एक इच्छेचा, एक कर्जाचा, एक चालण्याचा. माणूस इच्छितो, देणं लागतो, रस्त्याने चालतो. त्याच्या बाबतीत ‘आय विल गो’ म्हटलं तर जाण्यामागे थोडी इच्छा असू शकते. पण ‘देअर विल बी फॉग’? धुक्याला इच्छा नाही, कर्ज नाही, पाय नाहीत. हे शब्द खऱ्या अर्थाने भविष्याचे झाले की नाही, हे पाहायचं असेल तर त्यांना अजून नसलेल्या वस्तूच्या पुढे उभं करावं, असं मला वाटतं. तिथे मूळ अर्थाला धरायला काहीच उरत नाही. आणि तरी तो कुठे कुठे चिकटून राहतोच. खरी मजा त्या चिकटून राहण्यात आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या मदतनिसांची गरज फारशी नव्हती. वर्तमानकाळाचं रूपच भविष्यासाठी चालायचं, जसं आपण ‘उद्या येतो’ म्हणतो. एका क्रियापदाचा मात्र अपवाद होता, आणि ते नेमकं ‘असणे’ होतं. त्याचे वर्तमानकाळ दोन होते. आत्ता आहे, समोर आहे, यासाठी ‘इज’च्या घराण्यातली रूपं, आणि पुढे असेल किंवा नेहमीच असतं, यासाठी ‘बी’च्या घराण्यातली. सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या मठवासी पंडिताने लॅटिनचं व्याकरण इंग्रजीत लिहिलं. लॅटिनमधल्या ‘मी असेन’ला त्याने ‘इक बेओ’ हाच शब्द दिला. जाणं, करणं, बोलणं यांना वेगळं भविष्य नव्हतं, असण्याला होतं.

ही घराणी आपल्याला परकी नाहीत. ‘इज’ आणि संस्कृतातलं ‘अस्ति’ एका मुळाचे. ‘बी’ आणि ‘भू’ एका मुळाचे. त्या ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि आपलं ‘होणे’ त्यातून आलं. ‘वॉज’ हे ‘वस्’चं भावंड, म्हणजे वस्ती आणि निवास यांच्या नात्यातलं. तीन वेगवेगळ्या धातूंची गोधडी शिवून इंग्रजीने एक क्रियापद केलं आहे. चौथा धातूही शेजारीच होता: ‘वेओर्थन’, होणे या अर्थाचा, आपल्या ‘वृत्’, ‘वर्तणे’ यांचा चुलतभाऊ. जर्मनने त्याला जवळ केलं आणि आज जर्मन भविष्यकाळ त्याच्याच ‘वेर्डन’ या रूपावर उभा आहे. इंग्रजीने त्याला वाऱ्यावर सोडलं. १६११च्या बायबलात यहेज्केलच्या पुस्तकात ‘वो वर्थ’ असा एक उद्गार सापडतो, त्या दिवसाचं वाईट होवो अशा अर्थाचा. अशा उद्गारातच काय ती या धातूची शेवटची धुगधुगी उरली. त्यातल्या ‘वर्थ’चा किमतीशी काही संबंध नाही, हे पुष्कळ इंग्रजांनाही माहीत नसतं.

आता कर्जाकडे येऊ. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणं लागणं. जुन्या इंग्रजीतल्या शुभवर्तमानात एक कारभारी धन्याच्या ऋणकोंना बोलावून विचारतो की, तू माझ्या मालकाचं किती देणं लागतोस? तिथलं क्रियापद हे आजच्या ‘शॅल’चंच जुनं रूप आहे, आणि त्याच्यापुढे दुसरं कुठलंही क्रियापद नाही; नुसतं ‘शॅल’, म्हणजे नुसतं देणं. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे आजही कर्ज, आणि अपराधसुद्धा. कर्जापासून सक्तीपर्यंतची वाट मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. ‘मी त्याचं देणं लागतो’ आणि ‘मला जावं लागतं’ या दोन्हींत ‘लागणे’च आहे. जे देणं आहे ते केलंच पाहिजे, आणि जे केलंच पाहिजे ते पुढे होणारच. कर्ज, सक्ती, भविष्य, अशा तीन पायऱ्या ‘शॅल’ उतरला. आपलं ‘लागणे’ दुसऱ्या पायरीवर थांबलं; ‘रडू लागला’, ‘पाऊस पडू लागला’ अशी आरंभाची त्याची वाट वेगळीच.

मधल्या काळात ‘शॅल’ आणि ‘विल’ दोघेही भविष्याच्या कामावर हजर झाले, तेव्हा कुणी कुठे उभं राहायचं हा प्रश्न आला. १६५३ साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं आणि त्यात वाटणी करून दिली. प्रथमपुरुषी नुसतं भाकीत करायचं तर ‘शॅल’, वचन किंवा धमकी द्यायची तर ‘विल’. द्वितीय आणि तृतीय पुरुषी बरोबर उलट. हे वॉलिस मूळचे गणिती. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह त्यांनीच वापरात आणलं. त्यांच्या वाटणीने पुढची अडीचशे-तीनशे वर्षं शाळकरी मुलांचा छळ केला, त्यात रेन आणि मार्टिनचं व्याकरण घोकणारी आपल्याकडची मुलंही आली. बुडणाऱ्या परदेशी माणसाचा विनोद त्याच छळातून जन्मलेला. तो ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे सभ्य इंग्रज नियमाप्रमाणे अर्थ लावतात: माझा बुडण्याचा निश्चय आहे, खबरदार कुणी वाचवलंत तर. आणि ते त्याच्या इच्छेचा मान राखून उभे राहतात. प्रत्यक्षात लोक असे कधी बोलत होते का, याबद्दल मला दाट शंका आहे. पण नियम मुरला खरा.

आपल्या विषयाला हा नियम एका जागी फार उपयोगी पडतो. ‘देअर’ने सुरू होणारं वाक्य नेहमीच तृतीयपुरुषी. म्हणजे ‘देअर विल बी’ हे भाकीत, आणि ‘देअर शॅल बी’ हा हुकूम. भारताच्या संविधानाचा इंग्रजी पाठ उघडून पाहा. राष्ट्रपतिपद ५२व्या अनुच्छेदात, उपराष्ट्रपतिपद ६३व्यात, सर्वोच्च न्यायालय १२४व्यात, नियंत्रक व महालेखापरीक्षक १४८व्यात, प्रत्येक राज्याचं उच्च न्यायालय २१४व्यात. सगळी पदं आणि संस्था ‘देअर शॅल बी’ म्हणूनच अवतरतात. २६ नोव्हेंबर १९४९ला संविधान स्वीकारलं गेलं तेव्हा भारताला राष्ट्रपती नव्हता. ५२व्या अनुच्छेदातलं वाक्य त्या दिवशी अक्षरशः भविष्यातलं होतं. २६ जानेवारी १९५०ला राजेंद्रप्रसाद यांनी शपथ घेतली, दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाचं उद्घाटन झालं, आणि भविष्य वर्तमान झालं. वाक्य मात्र बदललं नाही. आजही तिथे ‘शॅल’च आहे, कारण हे कर्ज एकदा फेडून संपणारं नाही. पद रिकामं झालं की पुन्हा देणं उभं राहतं. धुक्यापुढे ‘शॅल’मधलं देणं विरून जातं, कायद्यात ते जसंच्या तसं आहे, फक्त ऋणको वस्तू नसून सगळा देश आहे.

मराठी पाठात इथे ‘असेल’ येतं. ‘भारताचा एक राष्ट्रपती असेल.’ व्याकरण चोख आहे, पण मराठी कानाला त्यात एक खट्याळ सूर ऐकू येतो: असेल बुवा, आपल्याला काय ठाऊक! कारण आपलं ‘असेल’ जितकं भविष्याचं, तितकंच अंदाजाचं. ‘तो आत्ता घरी असेल’ यात उद्याचा काही संबंध नाही. हिंदी ‘होगा’चंही तेच. आणि इंग्रज तरी कुठे वेगळा आहे? दारावरची घंटा वाजली की तो म्हणतो, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ पोस्टमन आलेला आहे, दारात उभा आहे. ‘विल’ आलं ते दार अजून उघडलेलं नाही म्हणून. न पाहिलेलं आणि न घडलेलं, दोन्ही भाषेच्या दृष्टीने एकाच पडद्यामागे असतात.

ब्रिटनमध्ये आता कायदे लिहिणाऱ्यांनी ‘शॅल’ला जवळजवळ निवृत्त केलं आहे. तिथे स्वतंत्र सर्वोच्च न्यायालय स्थापन करायचं ठरलं तेव्हा २००५च्या कायद्याच्या २३व्या कलमात शब्दयोजना केली ती ‘देअर इज टु बी’ अशी. न्यायालय १ ऑक्टोबर २००९ला सुरू झालं. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ ते न्यायालय ‘इज’ आणि ‘टु बी’ यांच्या मधल्या फटीत राहत होतं: व्हायचं आहे, पण आहे. मराठीत याला ‘व्हायचं आहे’ असंच म्हणावं लागेल. मला हा बदल पटतो, पण ‘शॅल’चा घंटेसारखा नाद त्यात नाही हेही खरं.

‘विल’ची गोष्ट जास्त गोड आहे. त्याचं मूळ हवं असणं, निवडणं या अर्थाचं, आणि संस्कृतातला ‘वृ’ धातू याच कुळातला. वरणं, स्वयंवर, देवाने दिलेला वर आणि मुंडावळ्या बांधलेला वर, हे सगळे ‘विल’चे नातेवाईक. मराठीत तर ‘विल’ हा इंग्रजी शब्द मूळ अर्थानेच रुळला आहे. वकिलाकडे जाऊन आजोबा करतात ते विल म्हणजे इच्छापत्र, आणि परीक्षेच्या वेळी मुलाला नसते ती विलपॉवर. भविष्यकाळाचं ‘विल’ आपण उसनं घेतलं नाही. आपल्याला गरज नव्हती. इंग्रजीत मात्र एकच शब्द दोन्ही कामं करतो, आणि वस्तूच्या अस्तित्वाच्या वाक्यातही इच्छा अधूनमधून डोकं वर काढते. मुख्याध्यापक वर्गात येऊन म्हणाले, ‘देअर विल बी नो टॉकिंग,’ तर ते हवामान सांगत नसतात. इथे इच्छा आहे, फक्त ती बोलण्याची नसून बोलणाऱ्याची आहे. वस्तूला इच्छा नसली की वाक्य उच्चारणाराच आपली इच्छा तिच्यात घालतो.

चालण्याचा मदतनीस सगळ्यांत धाकटा. ‘गोइंग टु’चा भविष्यासारखा वापर १४८२ सालच्या एका पुस्तकात दाखवला जातो. एका मठवासीयाला झालेल्या दर्शनाचं ते वर्णन आहे, आणि त्यात एक अभागी आत्मा नरकात नेला जाण्याच्या बेतात आहे. हे उदाहरण फार मोलाचं आहे. आत्मा खरोखर वाटेवर आहे, म्हणजे चाल अजून शिल्लक. पण तो स्वतः चालत नाही, त्याला नेलं जात आहे, म्हणजे पाय गळून पडायला सुरुवात झालेली. १६४६ साली जोशुआ पूल यांनी आपल्या शालेय व्याकरणात ‘गोइंग टु’ची भविष्याची खूण म्हणून नोंद केली. पुढे ‘देअर इज गोइंग टु बी अ स्टॉर्म’ म्हणण्यापर्यंत मजल गेली आणि शेवटचं पाऊलही पुसलं. कोण कुठे जात आहे, हा प्रश्नच आता कुणाला सुचत नाही. बोलताना तर त्याचं ‘गॉना’ होऊन ‘गो’ ओळखूही येत नाही. हिंदी ‘होगा’मधला ‘गा’ हाही ‘गेलेला’च्या घरचा मानतात. म्हणजे चालत भविष्याकडे जाण्याची युक्ती दिल्लीच्या परिसरातही लोकांना सुचली होती.

पण ‘देअर विल बी ट्रबल’ आणि ‘देअर इज गोइंग टु बी ट्रबल’ एकच नव्हेत. दुसरं वाक्य म्हणणाऱ्याने काहीतरी पाहिलेलं असतं: मुठी वळलेल्या, आवाज चढलेले. ‘इज’ला तिथे काम आहे; भविष्याची मुळं आजमध्ये दिसतात. हा फरक दाखवायला मराठीकडे ‘णार’ आहे. आभाळ भरून आलेलं पाहून आपण ‘पाऊस येणार आहे’ म्हणतो. ‘पाऊस येईल’ म्हणायला आभाळाकडे बघण्याची गरज नाही, शेतकऱ्याला धीर द्यायचा असला तरी पुरे. ‘आहे’ हे आपल्याकडेही आजचाच पुरावा घेऊन येतं.

या सगळ्यांच्या पुढे जे ‘देअर’ उभं असतं त्याने स्वतःचा अर्थ केव्हाच सोडून दिला आहे. ते नुसतं कर्त्याच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतं. खरा कर्ता मागून येतो. खुर्ची त्याची इतकी पक्की, की प्रश्न विचारतानाही लोक त्यालाच पुढे करतात: ‘देअर विल बी टी, वोन्ट देअर?’ अस्सल ‘तिथे’ सांगायचं असेल तर शेवटी आणखी एक ‘देअर’ जोडावं लागतं. फ्रेंच लोक ‘इल् य ओरा’ म्हणतात, आणि त्यात ‘जवळ असणे’ हे क्रियापद दोनदा आहे, एकदा धातू म्हणून आणि एकदा झिजून प्रत्यय झालेलं. जर्मन माणसाच्या तोंडी वस्तू असत नाहीत, ‘ते’ त्यांना देतं: ‘एस गिब्ट’. देणारं ‘ते’ कोण, हे विचारायचं नाही. आपण असला कुणी भाडोत्री कर्ता ठेवत नाही. ‘उद्या घरी पाहुणे असतील’ म्हणतो. वेळ आणि जागा आधी मांडून, तिथे पाहुण्यांना बसवतो.

काही भविष्यं इतकी पक्की असतात, की मदतनीस लागतच नाही. ‘देअर इज अ ट्रेन ऍट सिक्स.’ ‘उद्या ग्रहण आहे.’ वेळापत्रकात किंवा पंचांगात जे छापलं, ते आहेच. इंग्रजीत पावसाला हा मान सहसा मिळत नाही. आपण मात्र वेधशाळेची बातमी ऐकून ‘उद्या पाऊस आहे म्हणे’ असं खुशाल म्हणतो, आणि त्या ‘म्हणे’ने जबाबदारीही झटकतो. इंग्लंडात हवामानाचे अंदाज वर्तमानपत्रात छापायला १८६१ साली रॉबर्ट फिट्झरॉय यांनी सुरुवात केली. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचे हेच कप्तान. हे भविष्यकथन नव्हे हे ठसवण्यासाठी त्यांनी ‘फोरकास्ट’ हा शब्द निवडला. आज ब्रिटिश रेडिओवर खलाशांसाठी जो अंदाज वाचला जातो त्यात क्रियापद जवळजवळ नसतंच. समुद्राच्या भागाचं नाव, वाऱ्याची दिशा, जोर, नंतर पाऊस. इच्छा, कर्ज, चाल, सगळ्यांना सुट्टी. आपल्या वेधशाळेची ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ हीसुद्धा त्याच जातीची.

तत्त्वज्ञांना मात्र हे वाक्य सुखाने झोपू देत नाही. उद्या समुद्रावर लढाई होईल, हे विधान आज खरं की खोटं, हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न. खरं म्हटलं तर लढाई अटळ ठरते, खोटं म्हटलं तर अशक्य. विसाव्या शतकात न्यूझीलंडच्या आर्थर प्रायर यांनी काळाचं तर्कशास्त्र मांडलं. १९५७च्या पुस्तकात त्यांनी चंद्राचं उदाहरण घेतलं. कुणीतरी चंद्रावर जाईल, एवढं म्हटल्याने चंद्रावर जाणारा कुणीतरी आज आहे असं ठरतं का? ‘देअर विल बी समवन हू फ्लाइज’ आणि ‘देअर इज समवन हू विल फ्लाय’ या दोन वाक्यांत ‘विल’ची जागा तेवढी सरकते, पण पहिल्यात जाणारा अजून जन्माला आलेला नसला तरी चालतं, दुसऱ्यात तो आज जिवंत हवा. तर्काच्या दृष्टीने दोन्ही वेगळी ठेवणंच रास्त. प्रत्यक्षात मात्र प्रायर हे लिहीत होते तेव्हा चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग विशीतला तरुण होता, त्यामुळे त्या वर्षी दोन्ही वाक्यं खरी होती.

इच्छेचं ‘विल’ आणि भविष्याचं ‘विल’ यांतला फरक मराठी माणूस लग्न ठरल्यावर विसरतो. आपल्याकडे सुशिक्षित मुलगी साखरपुड्यानंतर मैत्रिणींना ओळख करून देते, ‘हा माझा वुड-बी.’ इंग्लंडात हा शब्द ऐकला तर लोक दचकतील, कारण तिथे ‘वुड-बी’ म्हणजे व्हायची हौस फार पण लायकी बेताची; ‘वुड-बी पोएट’ ही शिवीच. पण शब्दांची कुळं पाहिली तर मैत्रिणीला ओळख करून देणारी मुलगी फार चुकत नाही. ‘वुड’ हा ‘विल’चा, म्हणजे ‘वर’च्या घरचा. ‘बी’ हा ‘भू’चा, आणि ‘भावी’ही ‘भू’चाच. वुड-बी म्हणजे भाऊबंदकीच्या हिशेबाने चक्क भावी वर. निवडणुका जवळ आल्या की चौकाचौकांत ‘भावी आमदार’ म्हणून हात जोडलेले फलक लागतात, त्यांना मात्र वुड-बीचा इंग्लंडातला अर्थच जास्त शोभतो.